रोज चूर्ण घेऊनही आईचं पोट साफ होत नाही, अजून कडक चूर्ण कोणतं द्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 58, यावलकडे शेतीत असतात, दोन-तीन वर्षांपासून रोज रात्री चूर्ण चालू आहे, एका चमच्याचे आता तीन झाले. खडा होत नाही, तरी अर्धा तास बसून कुंथावं लागतं आणि कधी कधी बोटाने काढावं लागतं. माझं अमळनेरला मेडिकल आहे, रोज हीच मागणी ऐकतो, म्हणून कळकळीने सांगतो की चूर्ण आता वाढवू नका. आणि ते बोटाचं तुम्ही अगदी शेवटी संकोचून लिहिलंय ना, सगळ्यात कामाची माहिती तीच आहे.

आपल्याकडे पोट साफ होत नाही म्हटलं की सगळे आतड्याच्या मागे लागतात. आतड्याचं काम माल पुढे सरकवायचं, सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर ते जोरात चालतं म्हणून चहानंतर संडासला लागते. माल खाली रेक्टममध्ये, म्हणजे गुदद्वाराच्या वरच्या मलाच्या पिशवीत, आला की ती ताणली जाते, गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल होतो, बाहेरचा मात्र आपल्या ताब्यात असतो, म्हणून आपण धरून ठेवू शकतो. याच्या जोडीला प्युबोरेक्टॅलिस नावाचा एक स्नायू रेक्टमला मागून फास टाकल्यासारखा असतो, त्याने तिथे साधारण 90 अंशाचा वाक धरलेला असतो. यावलकडच्या माणसाला ठिबकची नळी शेवटाला दुमडून पाणी कसं बंद करतात हे सांगायला नको, तसंच ते. उकिडवं बसलं की वाक बराच सरळ होतो, आणि कुंथताना हा स्नायू सैल पडायला पाहिजे.

काही जणांचा तो नेमका कुंथतानाच आवळतो. त्यांना स्वतःला ते कळत नाही, ते अजून जोर लावतात आणि तो अजून आवळतो. डॉक्टर याला डिसिनर्जिक डेफिकेशन म्हणतात, आणि बद्धकोष्ठाचा जुना त्रास घेऊन गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे येणाऱ्यांत हा प्रकार बराच सापडतो. यात अशा चूर्णात बहुधा असणारी सोनामुखी ही जुलाबाची वनस्पती आतडं हलवते, माल पातळ करते, पण अडलंय खाली दाराशी, मग तीन चमचे घेऊन पोटात नुसता मुरडा येतो.

बायकांमध्ये अजून एक असतं, बाळंतपणं झालेली असली की रेक्टम आणि योनीमधला पडदा सैल होऊन मल पुढच्या बाजूला फुगवट्यात अडकतो, याला रेक्टोसील म्हणतात, मग त्या फुगवट्यावर बोटाने दाबल्याशिवाय तो बाहेर येत नाही. माझ्या दुकानात बायका बाकीची गिऱ्हाईकं जाईपर्यंत बाजूला थांबतात, मग हळूच पोट साफ व्हायची गोळी मागतात, आणि हे दाबायचं तर सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं. त्यात शेतात दिवसभर आडोसा नाही म्हणून संडासला लागलेली दाबून ठेवायची. दाबली की ती जाणीव निघून जाते, माल आतच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं. वर्षानुवर्षं असं केलं की संडासला लागल्याचंच कळेनासं होतं. याचा मला खरंच राग येतो, कारण यात त्या बाईचा काही दोष नाही.

बाकी कारणंही तपासा. थायरॉईड कमी असणं, शुगर, पार्किन्सन. आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बघा, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, काही बीपीच्या, झोपेसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, या सगळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. एकाच चिठ्ठीवर लोहाची गोळी आणि खाली चूर्ण असं मी कितीदा बघतो. पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना बदलून मागा. आणि रोज झालीच पाहिजे असंही नाही, दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, सगळं नॉर्मल धरतात.

डॉक्टर आधी बोटाने तपासतील आणि कुंथायला सांगतील, बऱ्याचदा तिथेच अंदाज येतो. पुढे मॅनोमेट्री, म्हणजे तिथल्या स्नायूंचा दाब मोजायची तपासणी, आणि बलूनची टेस्ट असते, बलूनच्या टेस्टमध्ये रेक्टममध्ये छोटा फुगा ठेवून त्यात 50 मिली पाणी भरतात आणि तो मिनिटभरात बाहेर टाकता येतो का बघतात. स्नायूचाच दोष निघाला तर बायोफीडबॅक करतात, म्हणजे स्क्रीनवर बघत बघत तो स्नायू सैल सोडायला शिकायचं, यात पुष्कळ जणांना फरक पडतो. सोय मोठ्या शहरात असते, पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी जा.

तोवर चहानंतर दहा मिनिटं निवांत बसू द्या, कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवून गुडघे वर घ्या, श्वास कोंडून कुंथू नका. इसबगोल द्यायचं तर मोठ्या ग्लासभर पाण्यासोबतच, कमी पाण्यात ते आत घट्ट गोळा होऊन अडकतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना शेतातली बाई तांब्याभर पाण्यावर दिवस काढते.

मध्येच आपोआप पातळ गळायला लागलं तर जुलाब समजून बंद करायची गोळी देऊ नका, आत घट्ट गोळा अडकून त्याच्या बाजूने ते झिरपत असू शकतं. रक्त पडणं, वजन उतरणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर याच आठवड्यात दाखवा. आई पुरुष डॉक्टरसमोर बोलणार नसतील तर बाईडॉक्टर शोधा, पण बोटाचं सांगायचं राहू देऊ नका.