विचारा की! : काउंटरवरचा विंचू

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांचा, वाळवा तालुक्यातला. बी.कॉम. आहे, टॅली येतं. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात तीन वर्षं हिशोब लिहितोय. मागच्या महिन्यात एका सराफी पेढीत सेल्समनच्या जागेसाठी गेलो होतो. तोंडी हिशोब घातले, सगळे बरोबर आले. मालक खूष दिसले. मग म्हणाले, "हा ट्रे उचलून त्या टेबलावर ठेव बघू." मी उचलला आणि त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर गेली. अंगठ्याच्या मुळाशी, पंजाच्या वरच्या बाजूला विंचू गोंदलेला आहे. सोळाव्या वर्षी जोतिबाच्या चैत्र यात्रेत मित्रांबरोबर काढला होता. मालक म्हणाले, "गिऱ्हाईक सोनं बघणार का हे बघणार? आपल्याकडं घरंदाज बायका येतात." झालं. घरी वडील आता रोज म्हणतात, अ‍ॅसिड लाव आणि काढून टाक. मोबाईलवर एक क्रीम दिसतं, महिन्यात टॅटू जातो म्हणतात. ते घेऊ का? का सरळ हातमोजा घालून मुलाखतीला जाऊ? आणि एका विंचवावरून माणूस कळतो का हो?

उत्तर : माझा धाकटा मुलगा तुझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे, त्यामुळे अरे-तुरे करते, रागावू नकोस.

आधी वडिलांचं अ‍ॅसिड. घरात असेल तर ते संडास धुवायला ठेव. गोंदणाची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते. तिथपर्यंत पोचायचं तर अ‍ॅसिड वरचं सगळं जाळतच जाणार. विंचू जाईल आणि त्या जागी भाजल्याचा डाग राहील, मग पुढचा सराफ विचारेल, "हे काय झालं?" माझ्या एका मावशीनं गिरगावात लग्न होऊन आल्यावर कपाळावरचं गोंदण चुना लावून काढायचा प्रयत्न केला होता. गोंदण पुसट झालं आणि भुवयांच्या मधे पांढरट खळगा राहिला. पुढे आयुष्यभर ती रुपयाएवढं कुंकू लावायची. लोकांना वाटायचं, काय सोज्वळ बाई आहे! मोबाईलवरच्या क्रीमचंही तेच. शाईपर्यंत पोचलं तर कातडी जाळेल, नाही पोचलं तर पैसे जातील.

काढायचाच असेल तर लेसर. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ब्युटी पार्लरमध्ये नको. एका बैठकीत काम होत नाही. सहा ते दहा बैठका धर, दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे. म्हणजे वर्ष सहज गेलं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-पिवळी चिवट असते. आपल्या सावळ्या कातडीवर लेसरनं पांढरा चट्टा उठण्याची शक्यता असते, ते डॉक्टरांना आधीच विचार. खर्च तू यात्रेत दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट. आणि तू विचारलं नाहीस तरी एक सांगते. यात्रेतला तो बॅटरीवाला एकाच सुईनं दिवसभरात किती हात गोंदतो, देव जाणे. एकदा हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करून घे. आठ वर्षांत कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते, घाबरवत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. माणूस कळतो का? मी 28 वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. माणसं घेणं आणि माणसं परत पाठवणं हेच काम. तेव्हा याचं उत्तर मी पुस्तकातून देत नाहीये.

1992 सालची गोष्ट आहे. आम्हाला रिसेप्शनला मुलगी हवी होती. जुन्नरकडची एक मुलगी आली. टायपिंग मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस, बोलणं स्वच्छ, फोनवरचा आवाज असा की रागावलेला गिऱ्हाईकसुद्धा थंड व्हावा. तिच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि भुवयांच्या मधे एक. मी तिच्या अर्जाच्या समासात पेन्सिलनं लिहिलं, "फ्रंट ऑफिस नको." साहेबांनी मला तसं काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून लिहिलं. का, तर बाहेरून येणारे लोक काय म्हणतील. कोण लोक? मी एकाचंही नाव सांगू शकले नसते. तिला आम्ही कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही.

आणि ऐक, ते लिहिणाऱ्या माझ्या हातावर काय होतं. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली तुळशीचं एवढंसं रोप आहे. आजोळी, पाचव्या वर्षी गोंदलेलं. गोंदणारीण अंगणात बसली होती, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, नारळाच्या करवंटीत काजळी कालवलेली. आजीनं माझा हात मांडीखाली दाबून धरला आणि मामीनं तोंडात गुळाचा खडा कोंबला. वर हळद चोपडली. गोंदणारणीला सुपातून ज्वारी घातली. आजी म्हणाली, "मेल्यावर दागिने हितंच ऱ्हातात, एवढंच बरोबर येतं." हे सगळं ठाऊक असलेल्या बाईनं पट्टा नीट सरकवून घेऊन त्या मुलीच्या अर्जावर पेन्सिल चालवली. तिच्या गोंदणात मला दिसलं ते माझं आजोळ होतं, जे मी पुण्यात कुणाला दिसू देत नव्हते.

म्हणून सांगते, तुझ्या मालकांनी विंचू बघितला नाही. त्यांनी यात्रा बघितली, तिथला बॅटरीवाला, धूळ, शिट्ट्या मारणारी पोरं बघितली. हाच विंचू कोरेगाव पार्कातल्या वातानुकूलित स्टुडिओत काढलेला असता, नीट छटा-बिटा दिलेला, आणि हात एखाद्या आर्किटेक्टचा असता, तर तेच मालक म्हणाले असते, "वा, कुठं काढला?" त्याच आर्किटेक्टला ते चहा पाजतील आणि अंगठीही विकतील. आणि गंमत बघ, विंचू ही आपल्या गोंदणातली जुनी नक्षी आहे. मालकांच्या घरंदाज गिऱ्हाइकांच्या आज्यांच्या दंडावर तो सापडला तर मला नवल वाटणार नाही.

गोंदण आणि गुन्हेगार ही सांगड तर सरकारी हातांनीसुद्धा घातलेली आहे. कंपनी सरकारनं 1797 मध्ये बंगाल इलाख्यात कायदाच केला होता. जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचं नाव आणि गुन्हा गोंदायचा. 1849 पर्यंत हे चाललं. ज्या सुईनं बाया तुळस काढत त्याच सुईनं. सुटून आलेली माणसं पागोटं पार भुवयांपर्यंत ओढून घ्यायची. माझा घड्याळाचा पट्टा, मावशीचं कुंकू, तुझा हातमोजा... असो.

मुलाखतीचं बोलू या. हातमोजा नको. मे महिन्यात सांगलीत हातमोजा घातलेला उमेदवार म्हटल्यावर मालक आधी मोजाच काढायला लावतील. मी जेवढ्या मुलाखती घेतल्या त्यात लपवलेली गोष्ट सापडली की उमेदवार गेलाच. एरवी जी गोष्ट मी माफ केली असती तीसुद्धा. तेव्हा बसल्या बसल्या दोन्ही हात टेबलावर ठेव आणि त्यांनी विचारायच्या आधी तूच सांग : "सोळाव्या वर्षी जोतिबाच्या यात्रेत काढलाय. गिऱ्हाइकासमोर लागत असेल तर कातडीच्या रंगाची पट्टी लावून उभा राहीन." एका दमात, माफी न मागता. मग लगेच अडत दुकानाच्या हिशोबावर ये. हळदीच्या सौद्यात तीन वर्षं एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, हे तुझ्या मालकांकडून एका कागदावर लिहून, सही-शिक्क्यासह आण. सराफाला नक्षीपेक्षा हा कागद जास्त कळतो.

तरी नाही म्हणतील काही जण. खासगी नोकरीत गोंदणावरून नाकारलं म्हणून दाद मागावी असा थेट कायदा आपल्याकडे नाही, हे तुला गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण सराफाच्या दुकानात नुसते सेल्समन नसतात. आत बसून स्टॉक आणि जीएसटी बघणारा माणूस त्यांना कायम लागतो, आणि टॅली येणारा, रोकड सांभाळलेला मुलगा त्यांना सहज मिळत नाही. तू आतल्या खोलीत बस असं मी म्हणत नाहीये. आत शिर, वर्षभरात काउंटरवर माणूस कमी पडेलच, दिवाळीत तर हमखास. तेव्हा विंचवासकट उभा राहशील.

लेसरचा निर्णय नोकरी लागल्यावर घे. स्वतःच्या पगारातून, आणि तेव्हाही तुलाच विंचू नको असेल तर. वडिलांना मात्र हे पत्र वाचायला दे. अ‍ॅसिडपुरतं तरी.

प्रश्न : मी पुण्यात जपानी शिकते, एन-टू पातळीची परीक्षा झाली आहे, सप्टेंबरपासून ओसाकाला नोकरी. खांद्यावर हातभर फुलांची वेल आहे. तिथं टॅटूवाल्यांना हाकलतात म्हणे?

उत्तर : हाकलत नाहीत, पण गरम पाण्याच्या सामायिक कुंडांमध्ये, म्हणजे ओन्सेनमध्ये, बऱ्याच ठिकाणी दारावरच पाटी असते. तिथंही गोष्ट आपल्यासारखीच. 1720 पासून गुन्हेगारांना गोंदण्याची शिक्षा होती, 1872 मध्ये सरकारनं गोंदणावरच बंदी आणली, ती 1948 पर्यंत टिकली. त्यात याकुझा टोळ्यांची अंगभर गोंदणं. त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्या माणसाला वेल दिसत नाही, टोळी दिसते. ऑफिसात पूर्ण बाह्या, ओन्सेनला जायच्या आधी फोन करून विचारायचं. काही ठिकाणी वरून चिकटवायची पट्टी चालते, पण तुझी वेल हातभर आहे, पट्ट्या पुरायच्या नाहीत. तासाच्या भाड्यानं खासगी कुंड मिळतं ते घे. जपानी येतंय तर फोनवर गोंदणाचा जपानी शब्द "इरेझुमी" म्हणू नकोस, "टॅटू" म्हण. पहिल्या शब्दानं टोळी आठवते, दुसऱ्यानं परदेशी पाहुणी.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, अग्निवीरची तयारी करतोय, सीआयएसएफचाही (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) फॉर्म भरणार आहे. त्याला मानेवर "आई" गोंदायचंय. मला आनंद व्हावा का भीती वाटावी?

उत्तर : वहिनी, दोन्ही होऊ द्या, पण आधी त्याची सुई थांबवा. सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला गोंदण चालतं. मानेवर नाही. आदिवासी जमातींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. सीआयएसएफसारख्या केंद्रीय दलांत आणखी बारकावा आहे : नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागे, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. डावाच का, तर सलाम उजव्या हातानं करायचा असतो.

सोलापूरच्या एका तरुणाला उजव्या हातावरच्या धार्मिक चिन्हावरून सीआयएसएफनं अपात्र ठरवलं होतं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 2017 मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. पण त्यासाठी वकील लागला, तारखा लागल्या. तुमच्या मुलाला पहाटे पाच वाजता सोळाशे मीटर पळायचंय, कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत.

त्याला म्हणावं, भरतीचा निकाल लागू दे. मग "आई" कुठं बसवायची ते तो आणि त्याचे सुभेदारसाहेब बघून घेतील.