पेंटरला विचारा : माउली मोठी की साहेब?

(साताऱ्यात आधी ब्रशनं बोर्ड रंगवलेले आणि आता फ्लेक्स छापणारे आमचे पेंटरकाका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

पालखीच्या स्वागताचा वीस बाय दहाचा फ्लेक्स करायचाय. खर्च देणाऱ्या साहेबांची माणसं म्हणतात, साहेबांचा फोटो माउलींएवढा तरी पाहिजे. काय करावं? – मंडळाचा कार्यकर्ता, तरडगाव

आषाढ जवळ आला की हा प्रश्न माझ्या दुकानात पेनड्राइव्हमधून येतो. त्यात साहेबांचे हात जोडलेले फोटो असतात, बॅकग्राउंड काढून तयार. माउलींचा मात्र "तुमच्याकडं असेल की एखादा!"

मापावरून भांडू नका. माप सारखं केलं तरी साहेबच मोठे दिसणार. आपण वापरतो त्या चित्रात माउलींची नजर ध्यानातली, आणि साहेब थेट तुमच्याकडं बघतायत. माणसाचा डोळा आधी बघणाऱ्या डोळ्याकडं जातो. त्यात पांढराशुभ्र कुर्ता. वर आमच्या धंद्यातली पोरं संतांच्या डोक्यामागचं वलय उचलून साहेबांच्या मागं लावतात. साहेब संत आहेत असं मजकुरात लिहायची कुणाची हिंमत नाही. चित्रात ते बिनबोभाट होऊन जातं.

आता वाचणारा कोण ते बघा. लोणंदचा मुक्काम हलवून, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण करून वारकरी तुमच्या गावात शिरतो. त्याला पाणी कुठं, दिंडीचा तळ कुठं, दवाखाना कुठं, आणि बायाबापड्यांना शौचालय कुठं, एवढंच हवं असतं. म्हणून फ्लेक्सचे दोन भाग करा. स्वागताच्या फ्लेक्सवर फक्त माउली आणि गावाचं नाव. बाकी पैसे बाणाच्या पाट्यांवर घाला. अक्षराचा ढोबळ हिशेब दहा फुटांमागं एक इंच. पन्नास फुटांवरून वाचायचं तर अक्षर पाच इंची हवं. पिवळ्यावर काळं घ्या. निळ्यावर लाल घेऊ नका, उन्हात अक्षरं नाचतात. पाट्या डोक्याच्या वर बांधा, गर्दीत छातीएवढी पाटी कुणालाच दिसत नाही.

आणि साहेब? त्यांनी टँकर दिला असेल तर टँकरवर नावाची पट्टी लावा, फोटोशिवाय. तहानलेला माणूस ते नाव नक्की वाचेल. हे साहेबांना थेट सांगा, कार्यकर्त्यांमार्फत नको. अडून बसतात ते बहुतेक कार्यकर्तेच.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर न विचारता पक्षाचं चिन्ह रंगवलंय. शेजारी म्हणतात, कशाला वाईटपणा घेता? – एक गृहिणी, कराड

वहिनी, भिंत तुमची आहे. आचारसंहितेत स्पष्ट आहे की मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीवर घोषणा लिहायची नाही, झेंडा लावायचा नाही. फोटो काढून निवडणूक कार्यालयात लेखी तक्रार द्या. एरवीसाठी मालमत्ता विरूपणाचा, म्हणजे भिंती वगैरे विद्रूप करण्याविरुद्धचा, १९९५ चा राज्याचा कायदा आहे. आणि बेकायदा फलकांविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेलं सुस्वराज्य फाउंडेशन आपल्या साताऱ्याचंच. त्या याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ ला निकालही लागला. तेव्हा वाईटपणाला भिऊ नका.

पुसायचं म्हणाल तर ऑइलपेंटवर चुना मारू नका, पोपडे निघून चिन्ह पुन्हा वर येतं. पॉलिश पेपरनं घासा, प्रायमर मारा, मग रंग द्या. देवाच्या टाइल्स लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. थुंकणारे थांबतात, पण चिन्हवाले देवाच्या शेजारीच जागा धरतात.

उमेदवाराच्या पत्रकावर आमच्या महाराजांचा आशीर्वाद देतानाचा फोटो आहे. हे चालतं का? – एक भक्त, वाई

लोकसभा-विधानसभेला धर्माच्या नावावर मत मागणं किंवा त्यासाठी धार्मिक चिन्ह वापरणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला, चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं, त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचा धर्मही धरला. नुसता फोटो त्यात बसतो का, हे पत्रकावर काय लिहिलंय त्यावरून ठरेल. आधी खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का बघा. कलम १२७-क प्रमाणे तो लागतोच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव टाकायला नको म्हणणारी ऑर्डर मी घेत नाही.

राहिला फोटो. मूळ फोटो मागवून बघा. असे फोटो पुष्कळदा दर्शनाच्या रांगेतले असतात. पुढचे-मागचे भक्त कापले की उरतात उमेदवार आणि महाराजांचा हात. महाराजांनी त्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांच्याच डोक्यावर हात ठेवलेला असतो. मठानं तो अख्खा फोटो दारात लावावा, खाली एक ओळही लिहायला लागणार नाही.

उत्सव संपला. देवाचा फोटो असलेला फ्लेक्स टाकवत नाही, जाळवतही नाही. – तासगाव

जाळू तर नकाच. ते पीव्हीसी प्लास्टिक आहे, धूर छातीला वाईट. कृष्णेतही सोडू नका. देवाच्या चित्रावर पांढरा रंग मारा आणि छापील बाजू आत करून वैरणीच्या गंजीवर झाका. पुढच्या खेपेला कापडी बॅनर करा, साल आणि तारीख सुट्या पट्टीवर घ्या. दरवर्षी पट्टी तेवढी बदलायची.