गुरुत्वीय लहरी की गुरुत्व लाटा?

विचारणा अशी आहे : "तिरुपतीजवळच्या गडंकीच्या रडारने गडगडाटी ढगांतून उठलेल्या 'गुरुत्वीय लहरी' टिपल्या, असं एका लेखात वाचलं. त्या रडारला दिसत असतील, तर हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगोचा एवढा खटाटोप कशासाठी?"

शंका रास्त आहे, घोळ शब्दाने घातलाय. इंग्रजीतही ही दोन नावं, 'gravitational waves' आणि 'gravity waves', सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. मराठीत तर फरक उरतो एका 'ईय'चा, आणि अनुवादाच्या घाईत तो कुणीही कुठेही चिकटवतो.

औंढ्याच्या लायगो वेधशाळेला ज्यांची वाट पाहायची आहे त्या लहरींमध्ये खुद्द अवकाशच ताणलं-आकसलं जातं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने त्या पहिल्यांदा पकडल्या. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती आणि वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी होता. यांना 'गुरुत्वीय लहरी' हे नाव वर्तमानपत्रांतून रुळलंय. ते तिथेच राहू द्या.

गडंकीच्या लाटा हवेच्या आहेत. रिकामी कळशी विहिरीत दाबून सोडा. ती उसळून वर येते, गरजेपेक्षा जास्त वर येते, पुन्हा बसते, आणि थोडा वेळ डुचमळत राहते. हवेचंही तसंच. वर ढकललेली हवा थंड होते, आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरते, म्हणून खाली येते. येताना आपली जागा ओलांडून जाते, मग तिला पुन्हा वर यावं लागतं. मूळ जागी परत ओढणारं आहे ते वजन, म्हणून नावात 'गुरुत्व'. गुरू म्हणजे जड, हा जुना अर्थ इथे अगदी चपखल बसतो. या हिशेबाने समुद्राची लाटसुद्धा गुरुत्व लाटच.

ढकलतं कोण? मूळ लेखात 'उष्णकटिबंधीय अभिसरण' असं असणार. शाळेत उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण शिकलो, तेच हे. पण रक्ताभिसरणातही तोच शब्द, हवामानाच्या लेखांत वारे एकत्र येण्यालाही तोच, आणि संकेतस्थळी निघालेली अभिसारिका त्याच धातूतली! सामान्य वाचकासाठी लिहिताना मी सरळ 'उंच चढणारे गडगडाटी ढग' म्हणेन. उष्णकटिबंधात असा ढग सोळा-सतरा किलोमीटरवरच्या तपस्तब्धीला खालून धडका देतो (तपस्तब्धी : वर जाताना तापमानाची घसरण जिथे थबकते ती पातळी, परिभाषेतला माझा आवडता शब्द). तिच्या वरची हवा थरांनी घट्ट बसलेली. धडक बसली की ती डुचमळते आणि लाटा वर, आजूबाजूला पसरतात.

गडंकीचं रडार म्हणजे मैदानात ३२ रांगांत ३२ असे १०२४ अँटेना, ५३ मेगाहर्ट्झवर आकाशाकडे तोंड करून उभे. ढगातले थेंब शोधणं हे त्यांचं मुख्य काम नव्हे. निरभ्र हवेतल्या खळबळीत तीनेक मीटर आकाराच्या ज्या विषमता असतात, त्यांच्यावरून उलटलेला क्षीण प्रतिध्वनी ते ऐकतात आणि त्याच्या बदललेल्या वारंवारतेवरून हवा वर चाललीय की खाली, हे सांगतात. ढग डोक्यावर असताना हवा सेकंदाला काही मीटर वेगाने उसळते. त्याच्या वरच्या थरांत मात्र वर-खाली, वर-खाली अशी संथ लय दिसते. एका हेलकाव्याला काही मिनिटांपासून काही तास.

रडारच्या या नोंदींचा उंची-वेळ आलेख काढला, की त्यात एक गंमत दिसते. लाट ढगाकडून वर निघालेली असते, पण आलेखावरचे तिचे पट्टे वेळेगणिक खाली उतरताना दिसतात. शिखरं खाली सरकतात, ऊर्जा वर जाते. तेव्हा 'लाट खाली येतेय' असं वाक्य कुठे दिसलं, तर काय खाली येतंय ते आधी विचारावं. वर जाताना हवा विरळ होते आणि लाटेचा हेलकावा वाढत जातो. शेवटी ती फुटते आणि आणलेला जोर तिथल्या वाऱ्याला देऊन टाकते. विषुववृत्तावर स्थितांबरातले वारे साधारण २८ महिन्यांच्या चक्रात पूर्व-पश्चिम दिशा पालटतात, त्यात या लाटांचा मोठा हात आहे.

म्हणून माझं मत : हवेसाठी 'गुरुत्व लाट', अवकाशासाठी 'गुरुत्वीय लहर'. फक्त 'ईय'वर भिस्त ठेवू नये, नामही वेगळं असावं. 'उत्प्लावन लाट' अर्थाने अधिक नेमकं आहे, पण बोलताना जीभ अडखळते. 'तरंग' चालेल, जरी माझ्या कानाला तो तळ्यातल्या पाण्यावरचा वाटतो. लाट समुद्राची, थंडीची, उष्म्याची. हवेशी तिची आधीच ओळख आहे. आणि 'हवेच्या लहरी' लिहून घोळ मिटेल असं वाटत असेल, तर थांबा. त्या वाचून लोक छत्री न्यावी की नाही याचा विचार करू लागतील.