जुनी मारुती ८००, घाटात बंद पडते : पेट्रोलचा पंप बदलायच्या आधी हे बघा

दादा, तुमची १९९७ ची ८०० म्हणजे कारबोरेटरवाली, तिचा पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कारबोरेटरला पोहोचवणारा, टाकीत नसतो, इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) दोन बोल्टवर बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या उंचवट्याच्या दांड्याच्या, धक्क्यावर चालतो. त्यामुळे नेटवर टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपाचे व्हिडिओ बघत असाल तर ते सोडून द्या.

घाटात गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते असं तुम्ही लिहिलंय, त्यावर मेकॅनिकने लगेच पंप सांगितला, असेलही, पण आधी तपासा. बंद पडली की टाकीचं झाकण उघडा, सूं करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी चालू झाली तर झाकणाचं हवा आत जायचं भोक बुजलंय, पंप बिचारा ठीक आहे. पेट्रोल फिल्टर कधी बदललाय? तो आधी बदला, स्वस्तातलं काम आहे. ओलं फडकं पंपावर ठेवल्यावर चालू होत असेल तर उष्णतेने पेट्रोलची वाफ होतेय, किंवा पंप थकलाय.

खरी टेस्ट अशी, इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी वीज देणारी) करंट देणारी बारीक वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा म्हणजे ठिणगी पडणार नाही, कारबोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दणदणीत पिचकाऱ्या आल्या तर पंप चांगला, नुसतं थेंब थेंब आलं आणि फिल्टर, नळ्या नीट असतील तर पंप गेला. आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या, हे बरेच जण विसरतात. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय, लेव्हल वाढलीय, तर पंपातला डायफ्राम (रबरी पडदा) फाटून पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय, मग गाडी चालवूच नका, पंपासोबत ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला.

बदलताना इंजिन थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह काढा, उघड्यावर काम करा, बिडी-सिगारेट लांब. नळ्या काढायच्या आधी कुठली टाकीकडून येणारी, कुठली कारबोरेटरची, कुठली रिटर्नची, त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, नंतर तिन्ही सारख्याच दिसतात. जुनं गॅसकिट (पंपाखालचं पॅकिंग) पूर्ण खरवडा, तुकडे आत पडू देऊ नका. पंप आणि हेडच्या मधे जाड इन्सुलेटर असेल तर तो फेकू नका, हेडची गरमी पंपापर्यंत जाऊ नये म्हणूनच तो असतो, आणि काही गॅरेजवाले तोच गाळतात! नवा पंप लावताना फार जोर लागत असेल तर कॅम उंच बाजूला आहे, इंजिन थोडं फिरवा, मग हाताने बसतो. बोल्ट आलटून पालटून आवळा, नाहीतर पंपाची कड वाकून ऑइल गळतं.

नळ्या आणि क्लिपाही नव्याच घ्या. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून घेताना ई-ट्वेंटी चालणारी नळी मागा आणि पंपाच्या डायफ्रामचंही विचारा. चालू केल्यावर दहा मिनिटं तिथेच उभं राहून सगळे जोड बघा, कुठे ओलं दिसलं तर लगेच बंद.