दहावीला ५२ टक्के, आणि पोरगं गॅरेजमध्ये बसतंय

ताई, पत्र मिळालं. पोराला दहावीला ५२ टक्के पडले, गणितात काठावर पास झाला, आणि निकालापासनं त्याचे बाबा रोज जेवताना चुलतभावाचे ९१ टक्के काढतात, मग पोरगं अर्धं जेवून उठतं आणि शेजारच्या गॅरेजमध्ये जाऊन बसतं. "याला वळण कसं लावायचं" असं विचारलंय तुम्ही.

राग मानू नका, पण दोन पानांच्या पत्रात त्याच्या चुका मी ११ मोजल्या आणि त्याला काय जमतं ते एकाच ओळीत आलंय, ते पण तक्रार म्हणून, "मिक्सर, पंखा, काकांची गाडी, दिसंल ते खोलून बसतो". खोललेलं परत जोडतो का? गाडी चालू होते का? होत असंल तर माझ्यासाठी अख्ख्या पत्रात तीच ओळ महत्त्वाची आहे.

आपल्या कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं फौंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशीनशॉप आहेत, तिथं ड्रॉइंग वाचून मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावणारा हात लागतोच. डिप्लोमाला दहावीचे ३५ टक्के चालतात, मेकॅनिकल ३ वर्षांचा, पास झाला की डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. नाहीतर आयटीआयला फिटर किंवा टर्नर, २ वर्षं, आणि तिथनं परत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे.

गणित मात्र लागणारच, ते लपवू नका, आणि खोटं कौतुक पण नको, पोरांना लगेच कळतं. फक्त "तुला गणित येत नाही" म्हणायच्या जागी त्याला विचारा, अरे, गाडीच्या पुढच्या चेन स्प्रॉकेटला, म्हणजे साखळीच्या दातेरी चक्राला, १४ दात आणि मागच्याला ४२, तर मागचं स्प्रॉकेट एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट किती वेळा फिरंल? तो ३ सांगंल. तिथंच म्हणा, हे गुणोत्तर आहे, पुस्तकातलं तेच.

पोरांना सल्ला द्यायच्या या कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका मुलाला तोंडावर बोललो होतो की इंजिनिअरिंग तुझ्या आवाक्यातलं नाही. दुसरं काय करावं ते सांगितलंच नाही. तो परत आला नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

तर आधी त्याच्या बाबांशी बोला. चुलतभावाचे मार्क १५ दिवस घरात काढायचे नाहीत. आणि एका कामाच्या दिवशी त्यांनी पोराला गाडीवर मागं बसवून उद्यमनगरात न्यावं, ओळखीच्या एखाद्या मशीनशॉपमध्ये तासभर उभं राहू द्यावं, येताना तो काय काय सांगतो ते ऐकावं, मग तिघंही माझ्याकडं या. फॉर्म आपण बसून भरू.