बिल्डरकडे नको, संस्थेत जायचंय. लेकीला जाऊ द्यावं का?

मिरजेहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही घरकुल योजनेच्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहतो. गेल्या एप्रिल-मेमध्ये तिनं आमच्या घरात आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे थर्मामीटर टांगून रोज दुपारी आणि रात्री तापमान वहीत लिहिलं. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, गरिबांची घरं थंड राहतील असं काम करणाऱ्या संस्थेत जायचं. कॉलेजमधून एका बिल्डरकडे साइट इंजिनिअरची नोकरी मिळते आहे, ती नको म्हणते. तिचे वडील म्हणतात, झोळी घेऊन फिरण्यासाठी इंजिनिअर केलं का? यात खरंच पोट भरतं का?"

ताई, सगळ्यात आधी ती वही जपून ठेवा. मी बऱ्याच वर्षांपासून मुलांचे बायोडेटा वाचतो. 'समाजासाठी काहीतरी करायचं आहे' हे वाक्य मला दर आठवड्याला भेटतं. स्वतःच्या घरात दोन महिने न चुकता तापमान मोजणारी मुलगी क्वचितच भेटते. तुमच्या पत्रातली ही एक गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा मोठी वाटली.

तिला जे जाणवलं, ते बरोबर आहे. वरच्या मजल्याला दिवसभर डोक्यावरून ऊन लागतं. स्लॅब ती उष्णता साठवते आणि रात्री घरात सोडते. म्हणून तुमच्याकडे रात्री दहानंतरही पंखा गरम वारा टाकत असणार. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. त्यात छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा आहे. एक चौरस मीटर छत आणि आत-बाहेरच्या तापमानात एक अंश फरक धरला, तर १.२ वॉटपेक्षा जास्त नको. नुसत्या उघड्या स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून जास्त भरतो. भिंती आणि खिडक्यांसाठीही असाच हिशोब आहे: चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या आत. उघडणाऱ्या खिडक्या घराच्या चटईक्षेत्राच्या किती टक्के हव्यात तेही हवामानानुसार ठरवलेलं आहे. मुंबईसारख्या दमट ठिकाणी १६.६६ टक्के, कोरड्या उष्ण भागात १०.

पंतप्रधान आवास योजनेतलं अत्यल्प उत्पन्न गटाचं घर साधारण ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचं असतं. एवढ्या जागेत एसी लावून सुटका करून घेणं त्या कुटुंबाला परवडत नाही. त्यामुळे खिडकी कुठल्या दिशेला आहे, तिच्यावर छज्जा आहे का, स्लॅबवर पांढरा थर आहे का, यावर त्या घरातल्या माणसांची झोप ठरते. याला मी समाजसेवा म्हणत नाही. हे चोख इंजिनिअरिंग आहे आणि ते जाणणारी माणसं कमी आहेत.

आता वडिलांच्या झोळीबद्दल. 'संस्था' म्हटलं की आपल्याकडे सगळं एकाच पोत्यात जातं, पण इथे निदान तीन तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो.

पहिली वस्तीत काम करणारी. मुंबईत 'स्पार्क' १९८४पासून फुटपाथवर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांसोबत आहे. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी 'महिला मिलन' या आपल्या बचतगटांतून आपल्याला हवं तसं घर खऱ्या मापात उभं करून दाखवलं, हे शिकवण्यासारखं उदाहरण आहे. अहमदाबादचा 'महिला हाउसिंग ट्रस्ट' कष्टकरी बायकांच्या 'सेवा' या संघटनेनं १९९४ साली सुरू केला. पत्र्याच्या घरांची छतं थंड करण्याचं आणि वस्तीतल्याच बायकांना घरच्या विजेचा हिशोब शिकवण्याचं काम तो करतो. आणि तुमच्या अगदी दाराशी, सांगली-मिरजेत, पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स'नं घरोघर सर्वेक्षण करून, नकाशे तयार करून झोपडपट्टी पुनर्वसनाचं काम केलं आहे. ही संस्था आर्किटेक्ट मंडळींनी उभी केलेली. तिथे नकाशा वाचता येणाऱ्या माणसाला किंमत आहे.

दुसरी तऱ्हा मानांकन देणाऱ्यांची, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक आहे ते तपासून दर्जा देणाऱ्यांची. हैदराबादची 'इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल' सीआयआय या उद्योगांच्या संघटनेनं २००१ साली काढली. 'गृह' ही मानांकन पद्धत 'टेरी' ही दिल्लीची ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयानं मिळून आणली. यांचा खर्च मोठ्या प्रमाणात नोंदणी आणि तपासणीच्या फीमधून निघतो, म्हणून इथली नोकरी जास्त स्थिर. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकन घेतलं तर दर्ज्यानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे तेवढं जास्त बांधकाम करायची मुभा, मिळतो. म्हणून बिल्डरलाही ही कागदपत्रं आणि हे हिशोब करणारा माणूस लागतो. हे वडिलांना मुद्दाम सांगा. लेकीचा विषय बाजाराच्या बाहेरचा नाही.

तिसरी तऱ्हा व्यावसायिकांच्या संघटनांची. बांधकाम व्यावसायिकांची 'क्रेडाई', वातानुकूलन क्षेत्रातल्या अभियंत्यांची 'इशरे'. सभासदांच्या वर्गणीवर, प्रदर्शनांवर आणि प्रशिक्षणावर चालणाऱ्या. सरकार नवा नियम आणतं तेव्हा मसुद्यावर सूचना पाठवणं, सभासदांना तो समजावणं, कामगारांना कौशल्य शिकवणं असं इथलं काम. तुमच्या मुलीचा पिंड मला इथला वाटत नाही, पण ओळखी आणि शिक्षण इथेच स्वस्तात मिळतं.

वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचा बराचसा पैसा कंपन्यांच्या सामाजिक निधीतून (सीएसआर) किंवा देणगीदारांच्या प्रकल्पांतून येतो आणि त्याला शेवटची तारीख असते. मी स्वतः तरुणपणी एका संस्थेत होतो. प्रकल्प मार्चमध्ये संपला आणि आम्हा नऊ जणांना फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते कळलं. काम उत्तम होतं, माणसं भली होती, पण भाडं कुणी भरणार नव्हतं. म्हणून मुलाखतीला गेली की तिनं न लाजता विचारावं: माझा पगार कुठल्या प्रकल्पातून येणार, तो कधी संपतो, पीएफ आहे का, नेमणूकपत्र किती महिन्यांचं. चांगली संस्था या प्रश्नांवर नाराज होत नाही.

माझं मत विचारलंत, तर तिनं बिल्डरकडची नोकरी घ्यावी. दोन वर्षांसाठी, ठरवून. तिला हे आवडणार नाही, म्हणून कारण सांगतो. वस्तीत काम करणाऱ्या संस्था लहान असतात. तिथे नव्या इंजिनिअरला हाताला धरून शिकवायला ज्येष्ठ माणूस असेलच असं नाही. पहिल्याच महिन्यात तिला ठेकेदारासमोर उभं राहावं लागतं. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) कधी काढायचं, क्युरिंग (काँक्रीटला पाणी देणं) खरंच झालंय की नुसतं रजिस्टरमध्ये लिहिलंय, बिलातलं माप बरोबर आहे का, हे तिला ठाऊक नसेल तर तो तिला गुंडाळून ठेवेल आणि नुकसान त्या घरात राहणाऱ्या बाईचं होईल. गरिबाच्या घरात चूक दुरुस्त करायला दुसऱ्यांदा पैसा येत नाही. तिथे शिकाऊ माणूस पाठवणं मला पटत नाही.

याला एकच अपवाद. एखाद्या संस्थेत जाणता, अनुभवी इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट असेल, तो तिला हाताखाली घेणार असेल आणि निदान वर्षाचं पत्र देणार असेल, तर बिल्डरला नम्रपणे नाही म्हणावं.

पुढचा मजकूर तिला वाचायला द्या.

बाळा, अजून कॉलेजात आहेस तोवर तुझं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट याच वहीवर कर. मिरजेतल्याच चार-सहा वरच्या मजल्यांच्या घरमालकांना विचार. निम्म्या घरांच्या स्लॅबवर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा थर दे, बाकीच्या घरांच्या तशाच ठेव आणि येत्या एप्रिलमध्ये सगळीकडे मोज. थर्मामीटर भिंतीला टेकू देऊ नकोस, उन्हात लटकवू नकोस. वेळ रोज तीच ठेव. इको निवास संहिता ब्युरोच्या संकेतस्थळावर मोफत आहे, ती उघडून तुमच्या इमारतीच्या भिंतींचा हिशोब स्वतः मांडून बघ. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही मोफत आहे, ते शीक. कॉलेजात 'इशरे' किंवा ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची विद्यार्थी शाखा असेल तर सभासद हो, नसेल तर सरांना भेटून सुरू करता येते का बघ.

साइटवर गेलीस की गृह किंवा ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची व्यावसायिक परीक्षा दे. पुढे अनुभव जमला की ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा. तिला चार पेपर असतात, पहिल्या तिन्हीत पास झालं की ऊर्जा व्यवस्थापक आणि चौथाही काढला की लेखापरीक्षक. आणखी शिकावंसं वाटलं तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जेवर एम.टेक. आहे. पण ते साइटनंतर. आधी कर्ज काढून डिग्री घेऊ नकोस.

ताई, तिच्या वडिलांना एक दिवस दुपारी तीन वाजता ती वही दाखवा, तुमच्याच घरात बसून. एका पानावर वरच्या मजल्याचा आकडा आणि शेजारी तळमजल्याचा. मग त्यांना विचारा, हा फरक कमी करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं. त्यांचं उत्तर मला कळवा. आणि मुलीनं सांगलीत 'शेल्टर'नं काम केलेल्या वस्त्या पाहिल्या नसतील, तर येत्या रविवारी तुम्ही दोघी जाऊन या. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या बायकांशी बोला, रात्री झोप कशी लागते ते विचारा.