आधी वही काढ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा ओट्याशी उभं राहून, त्यात दूध उतू गेलं. दुसऱ्यांदा नीट बसून. जर्मनीतल्या वुर्झबुर्गचा राजवाडा पाहिलास, जिना चढलीस, तिएपोलो या इटालियन चित्रकाराने रंगवलेलं छत पाहून मान अवघडली, इथवर सगळं छान. मग आरसेमहालात गेलीस, तिथल्या सोन्याने आणि काचांनी डोळे दिपले, आणि कुणीतरी सांगितलं की ही अख्खी खोली 1945 मध्ये जळाली होती. जे दिसतंय ते 1979 ते 1987 या काळात पुन्हा केलेलं आहे. त्यावर तू म्हणालीस, "काका, मला फसवल्यासारखं वाटलं." आणि पुढच्याच वाक्यात विचारलंस, प्रबंधाचा विषय बदलू का? जुन्या इमारतींची मोजमापं, नोंदी, तडे कुठे पडलेत त्याचे नकाशे, हे सगळं कारकुनी वाटतंय, वर्गातली बाकीची मुलं डिझाइनकडे चाललीत.

दोन्ही तक्रारी तू एका दमात केल्यास आणि त्या एकच आहेत हे तुझ्या लक्षात आलं नाही. मला राग आला तो याचा. विषय बदलण्याचा नाही. बदल की, तुझं आयुष्य आहे.

मी त्या वाड्यात गेलो त्याला आता बरीच वर्षं झाली. (वाडाच म्हणतो. राज्यही करणारे बिशप राहायचे तिथे, पण चौक, दिवाणखाने, देवघर, तळघर सगळं आहे. तळघरात मात्र दारूची पिंपं.) जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर मी इतका वेळ थांबलो की मागच्या बाईंनी घसा खाकरला. त्या जिन्याची गंमत तूही पाहिली असशील. छतावर चार खंड चार बायकांच्या रूपात रंगवलेत. चढताना समोर आधी अमेरिका दिसते, मगरीवर बसलेली. टप्प्यावरून वळलीस की युरोप. बाजूंच्या भिंतींवर आशिया आणि आफ्रिका, आपली आशिया हत्तीवर. एका दृष्टीत छत मावतच नाही, पायऱ्या तुला ते हप्त्याहप्त्याने दाखवतात. 1752-53 मध्ये तिएपोलोने मुलांना हाताशी घेऊन हे रंगवलं, आणि युरोपच्या बाजूला, खालच्या कडेला, तोफेवर रेलून बसलेला लष्करी कोटातला माणूस रंगवला. शेजारी कुत्रा. तो बाल्थासार नॉयमान. वाड्याचा मुख्य स्थपती, मूळचा तोफा आणि घंटा ओतणारा कारागीर. त्याला तू पाहिलंस का? मेसेजमध्ये उल्लेख नाही. म्हणजे वही काढली नव्हतीस.

नॉयमानने ते कमानछत साधारण 18 मीटर बाय 30 मीटर मापाचं, मध्ये एकही खांब न देता बांधलं. लोक म्हणाले पडणार. त्यावर तो म्हणाला, खाली तोफा डागून बघा, असं सांगतात. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण परीक्षा झाली ती दोनशे वर्षांनी. 16 मार्च 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानं आली. वीसेक मिनिटं. गावाचा मध्यभाग नव्वद टक्के गेला, पाच हजारांच्या आसपास माणसं गेली. वाड्याची लाकडी छपरं पेटली, दालनंच्या दालनं राख झाली. जिन्यावरचं छत उभं राहिलं.

आता पुढचं लक्ष देऊन वाच, कारण हे सहसा कुणी रंगवून सांगत नाही. छत उभं होतं, पण वर छप्पर नव्हतं. म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर केलेलं ते चित्र आता थेट पावसाच्या तोंडी. जून महिन्यात जॉन स्किल्टन नावाचा अमेरिकन लष्करी अधिकारी तिथे पोचला. युद्धात वाचलेल्या कलावस्तू आणि इमारती सांभाळणं हे त्याचं काम. त्याने काय केलं? लाकूड शोधलं. माइन नदीतून ओंडके आणवले, ते कापायला गिरणी गाठली, फळ्या पाडून घेतल्या, आणि छतावर तात्पुरतं छप्पर घातलं. उपाशी, पडक्या गावात, जिथे प्रत्येकाला स्वतःच्या डोक्यावर फळी हवी होती. आज तू जे मान वर करून पाहिलंस ते नॉयमानमुळे, तिएपोलोमुळे आणि त्या फळ्यांमुळे. फळ्यांचं डिझाइन कुणी केलं असं विचारत नाही कुणी.

आणि आरसेमहाल. सामान, खुर्च्या, तसबिरी आधीच बाहेर हलवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. पण या खोलीच्या काचा भिंतीतच जडवलेल्या, त्या काढणार कशा? गेल्या. उरला काय, तर एका आरशाचा तुकडा, जुने फोटो आणि एकोणिसाव्या शतकात कुणीतरी त्या खोलीत बसून केलेलं एक जलरंगातलं चित्र. एवढ्या भांडवलावर ती खोली परत उभी राहिली. त्या काचांवरच्या चित्रांचं काम मागच्या बाजूने करतात हे तुला माहीत आहेच. सगळं उलटं. आधी डोळ्यातला पांढरा ठिपका, मग डोळा, मग चेहरा, आणि सगळ्यात शेवटी पाठीमागचा रंग. एकदा क्रम चुकला की काच पुसून पुन्हा पहिल्यापासून. आठ वर्षं लागली.

फसवणूक कुठे आहे यात? त्यांनी तुला साल सांगितलं की. खोलीबाहेर कुणी लपवून ठेवलं नाही. फसवणूक मी केलेली आहे, ती कशी असते ते मला विचार.

कृष्णाकाठच्या एका गावात, नाव लिहीत नाही, एका जुन्या वाड्याचं काम माझ्याकडे होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी पस्तिशीतला, आणि मला सगळं कळत होतं. देवघराची मागची भिंत ओल धरून फुगली होती. त्यावर जुनी चित्रं. वेलबुट्टी, खाली कमळांची पट्टी, आणि कोनाड्याच्या वर एक मोर. गिलावा हाताने ठोकला तर पोकळ वाजत होता. मृग तोंडावर, छप्पर अर्धं उघडं, गवंडी दुसऱ्या कामावर जायच्या घाईत. मी सांगितलं, उतरवा. दुपारच्या जेवणाआधी भिंत मोकळी झाली.

माझ्या गाडीच्या डिकीत कॅमेरा होता. रोलमध्ये अकरा फोटो शिल्लक होते. ते मी काम संपल्यावर मालकांबरोबर काढायच्या फोटोंसाठी राखून ठेवले होते.

संध्याकाळी मालकांच्या आई माजघरातून देवघरात आल्या. नव्वदीच्या घरातल्या. दिवा लावला, भिंतीकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "मोर कुठंय?" चिडल्या नाहीत. खरोखर विचारत होत्या, जणू मी तो पुसायला, धुवायला कुठे नेऊन ठेवलाय. नंतर मी कोल्हापूरहून एक चांगला चित्रकार आणला, त्याने देखणा मोर काढला. आजींनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हा न्हवं."

कोणी काहीही म्हणो, तो गिलावा उतरवायलाच हवा होता. आजही मी तेच करीन. आतली भेंडी, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, कुजली होती, पहिल्या जोराच्या पावसात सगळं खाली आलं असतं, कदाचित कुणाच्या डोक्यात. तेव्हा हातात पैसा नव्हता, चित्रं भिंतीवरून अलगद काढायचं तंत्र आमच्याकडे कुणाला येत नव्हतं. निर्णय बरोबर होता. फक्त वीस मिनिटं थांबायला हवं होतं. अकरा फोटो, एक फूटपट्टी, आणि वहीत चार ओळी: मोर कोनाड्याच्या किती वर, रंग कोणते, पिसारा मिटलेला की उघडा. वीसच मिनिटं! वुर्झबुर्गच्या त्या जलरंगवाल्याला याहून जास्त लागली असतील, आणि तो काही खोली जळणार म्हणून चित्र काढत नव्हता.

म्हणून सांगतो, हात लावण्याआधी वही. नंतर कधी वेळ मिळेल तेव्हा करू हे नाही, आधी. गिलावा कितीही फुगला असो, मालक कितीही घाईत असो, आधी वही. तुझ्या वर्गातली मुलं डिझाइन करतात तर करू देत, ती हुशार असतील. पण जुन्या वास्तूपुढे हुशारी दाखवायची हौस मला ओळखू येते, माझ्यात भरपूर होती.

आपल्याकडचंच बघ. नॉयमान तिकडे भिंती उचलत होता, त्याच दशकात पुण्यात बाजीरावांनी शनिवारवाडा बांधला. 1730 ला पाया, 1732 ला वास्तुशांत. 1828 मध्ये आग लागली, कित्येक दिवस वाडा धुमसत होता. आज तटबंदी आहे, दिल्ली दरवाजा आहे, जोती आहेत, कारंज्यांचे हौद आहेत. आत काय होतं? गणेश रंगमहालाची थोडीफार कल्पना करता येते, कारण जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पुण्यात होता आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने पेशवे आणि इंग्रजांच्या 1790 च्या तहाचा दरबार रंगवला. बाकी? मजले किती होते यावर लोक चहा गार होईपर्यंत भांडतात. कुणी उद्या पैसे आणले आणि म्हणालं, बांधा परत, तर मी पहिला आडवा पडेन. जर्मनांनी केलं म्हणून आपणही करावं असं नाही. त्यांच्याकडे तुकडा होता, फोटो होते, चित्र होतं. आपण बांधू तो सिनेमाचा सेट होईल, आणि बाहेर फलक कुठला लावणार? "आम्हांला असं वाटतं"?

बर्लिनचा राजवाडाही तू बघशीलच कधीतरी. युद्धात होरपळला, 1950 मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने पाडून टाकला, आणि आता त्याच्या तीन बाजू पुन्हा जुन्यासारख्या उभ्या केल्यात. मला तो फारसा पटत नाही. आतून आधुनिक, बाहेरून बरोक, म्हणजे नॉयमानच्या काळातली ती नक्षीदार शैली, अंगरखा घालून ऑफिसला निघाल्यासारखं. पण त्या बाजूंच्या नक्षीकामातलं पान न् पान काढताना जुन्या मोजणीच्या काचप्लेटा कामी आल्या. एकोणिसाव्या शतकात मायडनबाउअर नावाच्या माणसाने फोटोवरून इमारती मोजायची पद्धत बसवली होती, त्या प्लेटा. त्यालाही कुणीतरी कारकून म्हटलं असेल.

तू म्हणशील, काका, तुम्ही तुमच्या मोराचं ओझं माझ्या प्रबंधावर टाकताय. टाकतोय. मग कुणाच्या टाकू? माझ्या हाताखाली शिकलेले निम्मे आता इंटिरियर करतात. तू आमच्याकडे उन्हाळ्यात दोन महिने होतीस, तेव्हा माळ्यावर बसून तुळईच्या खाचा मोजत होतीस, घामाने कागद ओला होऊ नये म्हणून मनगटाखाली रुमाल धरून. मी खालून हाक मारली तर म्हणालीस, "दोन राहिल्यात." ती मुलगी कुठे गेली असं विचारणार नाही, नाटकी वाटेल. पण त्या दोन खाचांमुळेच आम्हांला कळलं की तो मजला नंतर चढवलेला आहे, हे विसरू नकोस.

असो. पुढच्या रविवारी पुन्हा जा. विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त असेल, नसेल तर मी पाठवतो, आईला सांगू नकोस. आरसेमहालात फोटो काढू देत नसतील तर उत्तम, हाताने काढ. एकच काच घे, सगळी खोली नको. कडेची पट्टी किती बोटं रुंद, आकृती कुठे संपते, सोनं कुठे रेघ आहे आणि कुठे सपाट. मग जिन्यावर जा आणि नॉयमान शोध. त्याचा कुत्रा कुठल्या दिशेला पाहतो ते लिहून पाठव. मला आठवत नाही, आणि माझ्या त्या वेळच्या वहीत फक्त "कुत्रा!" एवढंच लिहिलंय.

सोबत एका कागदाचा फोटो जोडला आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्या वाड्यावर गेलो, आजी आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई यांना समोरासमोर बसवलं आणि त्या सांगतील तसा मोर काढत गेलो. पिसारा मिटलेला, यावर दोघींचं जमलं. गळ्याचा निळा जरा काळपट, तेही जमलं. तुरा पाच काड्यांचा. चोच डावीकडे होती की उजवीकडे, यावर दोघी हटून बसल्या, म्हणून कागदावर दोन डोकी आहेत.

तुझा,
काका